कल्हई, २३२ अंश आणि एक सेकंडहँड ग्रिल

माझ्या पीएचडीचा विषय थिन फिल्म, म्हणजे पातळ थर. काचेच्या पट्टीवर धातूच्या ऑक्साईडचा काहीशे नॅनोमीटर जाडीचा थर चढवायचा, भट्टीत तापवायचा आणि तो धरून राहिला की सुटला ते बघायचं. घरी हे सगळं समजावून सांगायला वेळ लागतो, म्हणून मी 'कोटिंगचं काम' एवढंच सांगते. त्याचा परिणाम असा झाला की गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या मावसभावाने एक सेकंडहँड गॅस ग्रिल घेतली आणि तिचं उडालेलं फिनिश बघून थेट मला फोन केला. "ताई, तुझी पीएचडी कोटिंगमधीच हाय ना? मग एवढं बघ की."

ग्रिल नांदेडच्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या सामानातली. त्याला लातुरात संध्याकाळचा गाडा लावायचा होता, पनीर टिक्का आणि मक्याची कणसं. बर्नर चांगले होते, जाळी बिडाची होती, पण झाकणाचा काळा रंग जागोजागी सोललेला आणि खाली तांबूस गंज. मी सुट्टीत लातूरला गेले, पॉलिश पेपरने झाकण घासलं, हार्डवेअरच्या दुकानातून काळा ऑइलपेंट आणला आणि दोन हात मारले. बाहेरून आणि आतूनही. दिसायला एकदम नवी! तिसऱ्या दिवशी घरामागच्या अंगणात चाचणी म्हणून पेटवली. पाच मिनिटांत वास सुटला, दहा मिनिटांत रंगाला फोड आले आणि मग आतून काळे पापुद्रे जाळीवर पडायला लागले. जाळीवर पनीर होतं.

आजी बाजेवर बसून बघत होती. म्हणाली, "कल्हई उडली बघ. भांड्याला कल्हई करतेत बाई, रंग देत नसतेत."

मी हसले. नंतर रात्री विचार केला तेव्हा कळलं की आजीचं एका अर्थाने चुकीचं आहे आणि एका अर्थाने माझ्यापेक्षा जास्त बरोबर आहे. हा लेख त्या दोन अर्थांबद्दल आहे. आणि थोडा माझ्या फसलेल्या सिनॉप्सिसबद्दल, कारण तुमच्यातले बरेच जण आत्ता सिनॉप्सिसच लिहीत असणार.

आधी चुकीचा अर्थ. कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर. कथील वितळतं २३२ अंश सेल्सिअसला. झाकण लावलेल्या ग्रिलच्या आतली हवाच सहज तिथपर्यंत जाते आणि बर्नरजवळचा पत्रा तर त्याच्या कितीतरी पुढे. तिथे कल्हई केली तर ती पाण्यासारखी ओघळून खाली येईल. माझा ऑइलपेंट गेला तोही उष्णतेनेच, पण वेगळ्या प्रकारे. त्यातला रंग पत्र्याला धरून ठेवणारं रेझिन सेंद्रिय असतं, ते वितळत नाही, जळतं. कुठलाही लेप निवडताना पहिला प्रश्न 'कोणत्या तापमानापर्यंत?' हा असतो, हे मी पहिल्या सेमिस्टरपासून ज्युनियर्सना सांगत आलेय. अंगणात मात्र विसरले.

पण मग दुसरा प्रश्न आला, आणि तो मला जास्त आवडला. २३२ अंशाला वितळणारा लेप आपल्या स्वयंपाकघरात इतकी शतकं टिकला कसा? चुलीची आग काही २३२ अंशांची नसते.

उत्तर आजीच्या मांडणीवर होतं. भांड्यात पाणी आहे तोवर भांड्याचा तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही. वरण, आमटी, भात, दूध, खीर ही सगळी कल्हईच्या पातेल्याची कामं. तळण मात्र लोखंडी कढईत, कारण तापलेलं तेल दोनशे अंशांच्या आसपास खेळतं आणि कल्हईला तिथून पुढे फार जागा उरत नाही. भाकरी लोखंडी किंवा बिडाच्या तव्यावर. कणीक मळायची परात पितळी, पण तिला कल्हई नाही, कारण तिथे ना आग ना आंबट. पाण्याच्या तांब्याच्या हंड्यालाही आतून कल्हई नाही. ताक, चिंचेची आमटी, आंबट वरण मात्र बिनकल्हईच्या पितळेत ठेवलं की 'कळकतं'. मराठीत यासाठी स्वतंत्र क्रियापदच आहे हे लक्षात घ्या. आम्लात तांबं विरघळतं, पदार्थाला हिरवट झाक आणि जिभेला कडवट-तुरट चव येते, आणि पुरेसं पोटात गेलं तर मळमळ, उलटी. कोणत्या भांड्यात काय आणि कोणत्या आचेवर, ही सगळी विभागणी २३२ या आकड्याभोवती बसवलेली होती. तो आकडा कोणाला माहीत नव्हता. एकदा रिकामं पातेलं चुलीवर विसरलं की कल्हई 'उडायची' आणि सासूचं बोलणं बसायचं, एवढी मोजमापं पुरेशी होती.

इथून मी इतिहासात शिरले. माझं इतिहासाचं औपचारिक शिक्षण शून्य, त्यामुळे चुकाही केल्या. त्या सांगतेच.

'कल्हई' हा शब्द अरबी 'कलई'वरून आलेला, म्हणजे कथील. हा शब्द मलाया द्वीपकल्पातल्या, अरबी भूगोलकार ज्याला कलाह म्हणत त्या बंदराशी जोडला जातो. कथलाच्या खाणी त्या भागात. भारतात कथील फार थोडं, आज छत्तीसगडच्या बस्तर भागात काही मिळतं तेवढंच. म्हणजे लातूरच्या एखाद्या वाड्यातल्या पातेल्याला आतून लावलेला तो पांढरा थर समुद्रापलीकडून आलेला असायचा. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती गेलं तेव्हा मलायाचं कथील दोस्त राष्ट्रांना बंद झालं. त्या वर्षीच्या बाजारभावाच्या नोंदींत कथील शोधणं हा एखाद्या एमएच्या विद्यार्थ्यासाठी सुंदर छोटा प्रकल्प आहे. कोणी घेतला तर मला कळवा.

सगळ्यात मजेदार नोंद मिळाली ती 'आईन-ए-अकबरी'त. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या शेवटी अकबराच्या मुदपाकखान्याचं वर्णन करताना लिहून ठेवलंय की तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होते, शहजादे वगैरेंच्या भांड्यांना महिन्यातून एकदा, आणि मोडकी भांडी कारागिरांना देऊन नवी करून घेतात. मला ही नोंद वाचून अक्षरशः आनंद झाला. का? कारण इथे वस्तू कोणी शोधली, कधी शोधली याबद्दल एक अक्षर नाही. इथे आहे ती वारंवारता. किती दिवसांनी पुन्हा थर द्यायचा! थिन फिल्मवाल्याला यापेक्षा मोलाचा डेटा नाही. आमच्याकडेही थर कसा चढवला यावर पेपर निघतात, तो किती दिवसांनी मेला हे फार कमी जण लिहितात.

पण इथेच माझी पहिली चूक झाली. मी सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं, 'भारतात भांड्यांना दर पंधरवड्याला कल्हई होत असे.' तो मसुदा मी एका इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, 'कोणाच्या?' बादशहाच्या मुदपाकखान्यातली भांडी दिवसरात्र आगीवर. तिथे विषप्रयोगाची भीती, तिथे पगारी माणसं. आमच्या आजीच्या घरी कल्हई व्हायची दिवाळीआधी, आणि घरात लग्न निघालं तर त्याआधी एकदा. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, पण एकीवरून दुसरीचा अंदाज करता येत नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना सापडलेला एकुलता एक आकडा सगळीकडे चिकटवायचा मोह विज्ञानवाल्यांना फार होतो. सावध राहा.

मग मराठवाड्यासाठी काय मिळतं? इथे खरी अडचण सुरू होते. लातूर हे पितळी भांड्यांसाठी आणि कुलपांसाठी नावाजलेलं गाव. १९१७ ची गंजगोलाई आणि तिला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवरचे वेगवेगळे बाजार तुम्ही पाहिले असतील. पण हा सगळा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे कारभाराची कागदपत्रं बरीचशी उर्दूत आणि हैदराबादेत. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. लातूर जिल्हा तर १९८२ चा, त्याआधी उस्मानाबाद. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात. म्हणजे उदगीरच्या एखाद्या तांबटाच्या घराण्याचा माग काढायचा तर ते घर जागचं हलत नाही, पण त्याची कागदं तीन राज्यांत विखुरलेली. तुमचा विषय मराठवाड्यातला असेल तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी आपलं गाव कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात होतं याचा एक तक्ता करून भिंतीवर लावा. मी उशिरा लावला. तीन आठवडे चुकीच्या जिल्ह्याच्या खंडात शोधत होते.

आणि खंड हातात आले तरी कल्हईवाला सापडणं कठीण. १९०९ चं हैदराबाद संस्थानचं इंपीरियल गॅझेटिअर असो की नंतरचे, कारागिरीची माहिती येते ती कला आणि उत्पादनं अशा मथळ्याखाली. विणकर काय विणतो, तांबट काय घडवतो. जनगणनेच्या व्यवसायांच्या तक्त्यांतही तांबं, पितळ, काशाचं काम करणाऱ्यांचा गट असतो. पण कल्हईवाला काही 'बनवत' नाही. त्याने काम केल्यावर जगात एकही नवीन वस्तू येत नाही, होती तीच वापरण्यालायक होते. ज्या कागदात उत्पादन मोजलं जातं त्या कागदात तो दिसणारच कसा? डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' नावाचं २००६ चं पुस्तक आहे. त्याचं म्हणणं असं की तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांच्या तारखांनी लिहितो, पण जग चालतं ते वापरावर आणि देखभालीवर. ते वाचल्यावर मला माझ्या रिकाम्या रकान्याचा अर्थ लागला.

कल्हई मला शेवटी सापडली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, कायद्यात. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा आणि त्याखालचे नियम १९५५ चे. त्यात अन्न कोणत्या भांड्यात असेल तर ते खाण्यास अयोग्य मानायचं हे दिलंय. गंजलेली भांडी, टवके उडून गंज चढलेली इनॅमलची भांडी, आणि नीट कल्हई न केलेली तांब्या-पितळेची भांडी. २०११ मध्ये अन्नसुरक्षेचे नवे नियम आले त्यातही हा भाग कायम राहिला. बघा, एका ओळीत कल्हई आणि इनॅमल शेजारी-शेजारी! कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीने दोन्हींची भानगड एकच होती: थर गेला की भांडं धोक्याचं. माझ्या भावाच्या ग्रिलखाली तेल गोळा करायचा ट्रे इनॅमलचा होता, टवके उडालेला. तो मी त्याच दिवशी बाजूला काढला.

आता प्रत्यक्ष काम. लातूरच्या जुन्या बाजारपेठेत एक वयस्कर कल्हईवाले आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणाले. आजीचं एक तपेलं घेऊन गेले. आता भाता नाही, हाताने फिरवायचा पंखा आहे, बाकी सगळं तेच. जमिनीतला छोटा खड्डा, कोळसा, सांडशी, कापसाचा बोळा. तपेलं आधी वाळू आणि चिंचेने घासलं, नंतर पाण्याने धुऊन आगीवर धरलं. तापल्यावर चिमूटभर नवसागर टाकला. भक्कन पांढरा धूर, नाकात झोंबणारा वास. मग कथलाची कांडी तळाला नुसती टेकवली, ती ओघळली, आणि चाचांनी कापसाच्या बोळ्याने दोन-तीन फटक्यांत ती सगळीकडे फिरवली. काळपट तपेलं आरशासारखं झालं. लगेच पाण्यात.

पाहायला जादू, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. तापलेल्या तांब्यावर लगेच ऑक्साईडचा थर येतो आणि ऑक्साईडवर कथील बसत नाही, थेंब होऊन घरंगळतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. ते तापलं की अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, ती ऑक्साईड खाऊन टाकते आणि खालचा स्वच्छ धातू उघडा पडतो. वर जाताना त्याच दोन वाफा पुन्हा एकत्र येतात, तो तो पांढरा धूर. उघड्या तांब्यावर कथील आलं की दोन्हींच्या सीमेवर तांबं-कथलाचं संयुग तयार होतं. त्यामुळे कल्हई वरून चिकटवल्यासारखी नसते, ती मुळात धरते. माझ्या ऑइलपेंटखाली गंज शिल्लक होता, तेलकटपणा शिल्लक होता. चाचांच्या हिशोबात मी नवसागर न टाकताच कांडी टेकवली होती.

मला करून बघायचं होतं. त्यांनी एक जुनी वाटी दिली. मी नवसागर टाकला, कांडी टेकवली आणि कापूस फिरवायला अर्धा श्वास उशीर केला. कथलाचे गोळे झाले. चाचा म्हणाले, "टाइम गया बेटी. अब फिर से घिस." तीन वेळा घिसलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक करकर आवाज येतो. आतले स्फटिक एकमेकांवर सरकून दुमडतात, त्याचा तो आवाज. कथलात शिसं मिसळलेलं असेल तर आवाज कमी होतो. शिसं कागदावर ओढलं तर राखाडी रेघ उमटते. हे खेळ नाहीत. शिसं स्वस्त असतं, आणि कथील-शिशाचं योग्य मिश्रण १८३ अंशालाच वितळतं, म्हणजे काम सोपं आणि खर्च कमी. पण तेच शिसं आंबट आमटीतून पोटात जाणार. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे 'पारंपरिक ते सगळं शुद्ध' असं लिहायचा मोह मी आवरला. कल्हईत चांगलं-वाईट ठरायचं ते कांडी कुठून आली यावर, आणि ते ओळखणारा कान होता फक्त कल्हईवाल्याकडे. घरातल्या बाईला चकाकी दोन्हीकडे सारखीच दिसायची.

जाता जाता एक नोंद, कारण ती इथून जवळची आहे. बिदरच्या बिदरी कामात हाच नवसागर अगदी उलट कामाला येतो. तिथे जस्त मुख्य आणि थोडं तांबं असलेल्या धातूच्या भांड्यात चांदी जडवतात, मग नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती यांच्या लेपाने घासतात. जस्ताचा भाग गर्द काळा पडतो, चांदी पांढरीच राहते. एके ठिकाणी नवसागर पृष्ठभाग उजळायला मदत करतो, दुसरीकडे काळा करायला. फिनिश म्हणजे वरून लावलेलं काहीतरी, ही समजूत बिदरीने माझी मोडली. तिथे वरून काहीच लावलेलं नसतं, धातूचाच वरचा पदर बदललेला असतो.

आता माझ्या सिनॉप्सिसची दुसरी, आणि मोठी, चूक. मी लिहिलं होतं, 'स्टेनलेस स्टीलच्या आगमनामुळे कल्हईचा व्यवसाय संपला.' वाक्य गुळगुळीत आहे. विज्ञानाच्या बाजूने ते पटतंही. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद केलं. त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून काही नॅनोमीटरचा अदृश्य थर करतं, आणि ओरखडा पडला तर तो थर आपोआप पुन्हा तयार होतो. म्हणजे स्टील स्वतःची कल्हई स्वतःच करतं, दर क्षणाला, फुकट. असं भांडं घरात आल्यावर कल्हईवाल्याला कोण हाक मारणार? आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलमच्या कारखान्यातून स्टेनलेसचे पत्रे निघू लागले, दारावर बोहारणी जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देऊ लागल्या. झालं, गोष्ट पूर्ण.

गाईड म्हणाले, मुलाखती घे. मी आजीपासून सुरुवात केली आणि विचारलं, "कल्हई कधी बंद झाली?" आजी म्हणाली, "काय की बाई. झाली की कवाची." दुसऱ्या दोन घरांत हेच उत्तर. कारण प्रश्नच चुकीचा होता. एखादी गोष्ट बंद झाल्याची तारीख कोणाच्या लक्षात नसते. मग मी प्रश्न बदलला: शेवटची कल्हई कोणत्या भांड्याला केली, आणि तेव्हा घरात काय चाललं होतं? आता तारखा यायला लागल्या, कारण आपल्याकडे लोकांची कालगणना वेगळी आहे. बहात्तरचा दुष्काळ. भूकंपाच्या आधी, भूकंपाच्या नंतर, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. अमक्याच्या लग्नात.

आजीने जे सांगितलं त्याने माझं वाक्य गेलं. "स्टील आलं तवा घरात पितळ होतंच कुठं? दोन हंडे, घंगाळ, मोठं पातेलं, सगळं बहात्तरला मोडीत घातलं. आमच्याकडं एक तपेलं ऱ्हायलं, त्याला कशापायी बोलवायचा कल्हईवाला?"

म्हणजे आमच्या घरात तरी क्रम उलटा होता. आधी दुष्काळात पितळ वजनावर विकलं गेलं. पितळेची भांडी ही भांडी होती आणि बचतही होती; रुखवतात आलेलं घंगाळ वेळ पडली की धान्य व्हायचं. कल्हईवाल्याला पुरेसं काम उरलं नाही म्हणून त्याची फेरी थांबली, आणि बऱ्याच वर्षांनी रिकाम्या मांडणीवर स्टील आलं. स्टीलने कोणाला हुसकावलं नाही, रिकामी जागा भरली. हे एका घराचं सांगणं आहे, सगळ्या मराठवाड्याचं नाही, पेन्सिलीतला 'कोणाच्या?' अजून डोळ्यासमोर आहे. पण आता माझ्याकडे तपासण्यासारखं काहीतरी आहे. आधी होतं ते फक्त एक वाक्य, ज्याला कोणी हो म्हणालं असतं आणि कोणी वाचलं नसतं. प्रश्नावलीत मी आता स्टीलची तारीख आणि पितळ विकल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने केलेत.

चाचांना मी हे सांगितलं. ते म्हणाले दुष्काळात त्यांच्या वडिलांनी कल्हईचं सामान बांधून ठेवलं आणि रोजगार हमीच्या खडीवर गेले. एवढंच बोलून त्यांनी पंखा फिरवायला घेतला. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. मुलाखतीत कधी थांबायचं हे कुठल्याच मेथडॉलॉजीच्या पेपरात नसतं.

ग्रिलचं काय झालं ते राहिलंच. दुसऱ्यांदा केलं ते असं. आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने झाकण आतून-बाहेरून धुतलं. तेव्हा कळलं की आतून पडणारे पापुद्रे सगळे माझ्या रंगाचे नव्हते. बरेचसे जुन्या हॉटेलच्या काळातल्या, जळून कोळसा झालेल्या तेलाचे थर होते, आणि मी त्यांच्यावरच रंग मारला होता! ते सगळं खरवडून काढलं. आतून रंग अजिबात द्यायचा नाही, अन्नाच्या वर लेप नको. बाहेरून तारेच्या ब्रशने आणि मग बारीक पॉलिश पेपरने शुद्ध धातू दिसेपर्यंत घासलं, थिनरच्या फडक्याने पुसलं, आणि त्यानंतर बोटही लावलं नाही. रंग आणला तो उष्णतारोधक, सिलिकॉन रेझिनचा. सिलिकॉनचा कणा सेंद्रिय नसतो, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो, म्हणून तो ऑइलपेंटच्या कितीतरी पुढपर्यंत टिकतो. डब्यावर ६०० अंश लिहिलेलं होतं. तीन अगदी पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळायला वेळ. मग ग्रिल मंद आचेवर अर्धा तास, थंड होऊ दिली, मध्यम आचेवर पुन्हा, पुन्हा थंड. हा रंग वाळून पक्का होत नाही, तापून होतो. आमच्या लॅबमध्ये याला अॅनीलिंग म्हणतात आणि त्यासाठी तासाच्या हिशोबाने भट्टी बुक करावी लागते.

बिडाच्या जाळीला रंग नाही, कल्हईही नाही. ती आजीने केली. घासून, वाळवून, जवसाच्या तेलाचा बोट फिरवून तापवली, पुसली, पुन्हा तेल, पुन्हा आच, जसा ती तवा करायची तशी. जवसाचं तेल तापून घट्ट विणलेला काळा पदर करतं. थर जाड झाला तर चिकट होतो, हे मी सांगायच्या आधीच ती फडक्याने तेल पुसून काढत होती.

बाजूची स्टीलची पट्टी तापून पिवळी, जांभळी, निळी झालीय. भावाला वाटलं ती खराब झाली, रंग लाव म्हणाला. मी नको म्हणाले. तो क्रोमियमच्या ऑक्साईडचा वाढलेला थर आहे, आणि प्रत्येक जाडीला प्रकाशाचा एक रंग दिसतो. पिवळा म्हणजे पातळ, निळा म्हणजे जाड. माझ्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणात याच रंगांवरून जाडी काढायची पद्धत आहे. त्या पट्टीचा फोटो मी गाईडना पाठवलाय.

गाडा सुरू झालाय. झाकणाच्या हँडलजवळ, जिथे हात लागतो तिथे, एक छोटा टवका उडालाय. भावाने विचारलं, आता पुन्हा कधी करायचं? मी आईन-ए-अकबरीचा पंधरवडा सांगणार होते, पण आजीने आधीच ठरवून टाकलं होतं. दिवाळीआधी.